सीबीसीच्या कागदावरची न वाचलेली ओळ

तापाची साथ सुरू झाली की पॅथॉलॉजी लॅबच्या दारात सकाळी आठपासून रांग लागते. दंडाला रबरी पट्टा, जांभळ्या बुचाची छोटी बाटली, दोन-तीन मिलिलिटर रक्त आणि दुपारपर्यंत मोबाइलवर रिपोर्ट. डॉक्टरांकडे जाण्याआधीच घरातले कुणीतरी तो उघडून बघते. आधी हिमोग्लोबिन पाहिले जाते. मग 'पेशी', म्हणजे प्लेटलेट, कारण डेंग्यूने महाराष्ट्रातल्या घराघरांत 'पेशी' या शब्दाचा तोच एक अर्थ रूढ करून टाकला आहे. एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असला तर 'काउंट वाढलाय' म्हणून काळजी सुरू होते. नसला तर 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणून विषय संपतो.

या दोन आकड्यांच्या मध्ये चार-पाच ओळींत टक्केवारी असते. न्यूट्रोफिल इतके, लिम्फोसाइट इतके, मग मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. तिकडे सहसा कुणाची नजर थांबत नाही. फ्लू किंवा कोविडसारख्या श्वसनमार्गाच्या विषाणूजन्य आजारात रुग्ण पुढे कोणत्या वाटेने जाणार, याचा एक स्वस्तातला इशारा मात्र पुष्कळदा तिथेच असतो. तालुक्याच्या गावी, जिथे रात्री सीटी स्कॅन नाही आणि जिल्ह्याचे रुग्णालय दीड-दोन तासांवर आहे, तिथे या इशाऱ्याला किंमत आहे. रुग्णाला आजच हलवायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हा प्रश्न तिथल्या डॉक्टरपुढे आणि घरच्यांपुढे दर साथीत उभा राहतो.

एक साधे गणित पाहू. समजा, साठीच्या आसपासचे दोन रुग्ण आहेत. दोघांनाही चार दिवसांपासून ताप-खोकला, दोघांच्याही एकूण पांढऱ्या पेशी ७,०००. सर्वसाधारण मर्यादा ४,००० ते ११,००० असल्यामुळे दोघांचाही काउंट 'नॉर्मल'. पण पहिल्याच्या रक्तात न्यूट्रोफिल ५८ टक्के आणि लिम्फोसाइट ३४ टक्के आहेत; दुसऱ्याच्या रक्तात न्यूट्रोफिल ८४ टक्के आणि लिम्फोसाइट अवघे १०. म्हणजे पहिल्याकडे एका मायक्रोलिटरमागे २,३८० लिम्फोसाइट, तर दुसऱ्याकडे ७००. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागले तर पहिल्याचे उत्तर १.७ येते आणि दुसऱ्याचे ८.४. निरोगी प्रौढ माणसात हे उत्तर साधारण १ ते ३च्या दरम्यान असते. या भागाकाराला डॉक्टर 'एनएलआर' म्हणतात. एकूण आकडा सारखा, पण आतले चित्र पूर्ण वेगळे. दुसऱ्या रुग्णाकडे जास्त लक्ष द्यायला हवे, हे सांगणारी कोणतीही ठळक अक्षरे रिपोर्टवर बहुधा नसतात, कारण हा भागाकार बऱ्याच लॅब छापतच नाहीत.

पांढऱ्या पेशींत जाती आहेत, हे आपल्याला कळले ते कापड रंगवण्याच्या रसायनांमुळे. जर्मनीत पॉल एर्लिख या तरुण डॉक्टरने १८७९-८०च्या सुमारास नवे अॅनिलीन रंग काचेवर पसरलेल्या रक्तावर वापरून पाहिले. काही पेशींनी आम्लधर्मी रंग उचलला, काहींनी अल्कधर्मी, तर काहींनी दोन्हींतला मधला, उदासीन रंग. इओसिनोफिल, बेसोफिल, न्यूट्रोफिल ही नावे त्यांच्या या रंगांच्या आवडीवरून पडली आहेत. त्यानंतरची कित्येक दशके तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून शंभर पेशी मोजत आणि त्यांची टक्केवारी काढत. पुढे अमेरिकेत वॉलेस कूल्टर यांना १९५३मध्ये एका युक्तीचे पेटंट मिळाले. पेशी एका बारीक छिद्रातून जाऊ द्यायच्या आणि प्रत्येक पेशी जाताना विजेच्या प्रवाहाला किती अडथळा होतो ते मोजायचे. पहिले छिद्र त्यांनी सिगारेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनला तापलेल्या सुईने पाडले होते, असे सांगतात. आज गल्लीतल्या लॅबमध्येही मिनिटभरात हजारो पेशी मोजणारे यंत्र आहे, ते याच युक्तीचे वंशज.

रक्तातल्या या दोन मुख्य जातींचे काम वेगळे आणि स्वभावही वेगळा. न्यूट्रोफिल ही आघाडीची फौज. अस्थिमज्जेत त्या रोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात आणि त्यांचे आयुष्य तासांत, फार तर काही दिवसांत मोजायचे. जंतू दिसला की गिळायचा, विषारी रसायने ओतायची आणि मरून जायचे. पू म्हणजे बव्हंशी त्यांचीच प्रेते. लिम्फोसाइट मात्र शत्रू ओळखणाऱ्या. विषाणू एकदा पेशीच्या आत शिरला की न्यूट्रोफिलला तो सापडत नाही; तिथे टी-लिम्फोसाइट लागतात, ज्या बाधित पेशी हुडकून मारतात. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशीही याच कुळातल्या. म्हणून विषाणूशी लढाई चालू असताना लिम्फोसाइट वाढलेल्या दिसाव्यात, अशी अपेक्षा कुणीही करील. श्वसनमार्गाच्या गंभीर आजारात नेमके उलटे दिसते.

१९१८च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि त्यानंतर काही महिन्यांत इन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्या साथीत जगभरच्या डॉक्टरांच्या नजरेत एक गोष्ट आली होती. इतका ताप, फुप्फुसे भरलेली, पण पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी घटलेल्या. न्यूमोनियात काउंट चढतो, हे शिकलेल्या पिढीला ते चक्रावणारे होते. त्या वेळी विषाणू दिसतही नव्हता; माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढायला १९३३ साल उजाडले.

२००३मध्ये सार्सची साथ आली तेव्हा हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १५७ रुग्णांचे रक्त तपासले. जवळपास सगळ्यांच्याच लिम्फोसाइट आजारात कधी ना कधी खाली गेल्या होत्या आणि ज्यांच्या टी-पेशी सुरुवातीलाच फार कमी होत्या, त्यांची पुढची वाट खडतर ठरली. २०२०मध्ये तेच चित्र मोठ्या पडद्यावर दिसले. चीनमधल्या १,०९९ कोविड रुग्णांच्या पहिल्या मोठ्या अभ्यासात रुग्णालयात दाखल होतानाच ८३ टक्के जणांच्या लिम्फोसाइट १,५००च्या खाली होत्या. वुहानच्या दोन रुग्णालयांतल्या १९१ रुग्णांचा दिवसागणिक आलेख काढला गेला, तो जास्त बोलका आहे. जे बरे होऊन घरी गेले त्यांच्या लिम्फोसाइट आजाराच्या सातव्या दिवसाच्या आसपास तळाला गेल्या आणि मग वर चढू लागल्या. जे ५४ जण दगावले, त्यांचा आलेख शेवटपर्यंत वर आलाच नाही.

मग या पेशी जातात कुठे?

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम दोन टक्के कोणत्याही क्षणी रक्तात असतात. बाकीच्या लसिकाग्रंथींत, प्लीहेत, आतड्याच्या अस्तरात, अस्थिमज्जेत. सीबीसी म्हणजे शितावरून भाताची परीक्षा आहे आणि इथे शीत भातापेक्षा वेगळे वागू शकते. विषाणू शिरल्यावर बाधित पेशी इंटरफेरॉन नावाचे रसायन सोडतात. त्याच्या प्रभावाने लिम्फोसाइट लसिकाग्रंथींतून बाहेर पडायचे थांबतात. तिथे त्यांना शत्रूची ओळख करून घ्यायची असते. काही रक्तातून निघून फुप्फुसाकडे धाव घेतात. त्यामुळे साध्या फ्लूतही पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातला आकडा खाली येतो आणि आठवडाभरात पूर्ववत होतो. ही घट म्हणजे पोलीस ठाण्यात कुणी दिसत नाही, कारण सगळे बंदोबस्तावर गेले आहेत, अशी असते. तिच्यात घाबरण्यासारखे काही नाही.

पण घट खोल असेल आणि रेंगाळली तर कारणे बदलतात. मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी तीव्र आजारात कॉर्टिसॉल वाढवतात. ते लिम्फोसाइटना रक्तातून हुसकावते आणि त्यांच्यातल्या काहींना आत्मनाशाला लावते. दाहाची रसायने जास्त झाली की उरलेल्या पेशी थकतात, नव्या तयार होण्याचा वेग मंदावतो. कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या शवविच्छेदनात प्लीहा आणि लसिकाग्रंथींमधल्या लिम्फोसाइटच्या वसाहती ओस पडलेल्या आढळल्या. म्हणजे इथे फौज बंदोबस्तावर गेलेली नव्हती, ती उरलीच नव्हती. गोवराचा विषाणू तर थेट लिम्फोसाइटमध्येच शिरतो आणि जुन्या आजारांची आठवण जपणाऱ्या पेशी मारतो. गोवरातून उठलेले मूल पुढे बराच काळ इतर संसर्गांना सोपे सावज ठरते ते त्यामुळेच. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवर पसरला तेव्हा डॉक्टरांना पुरळाहून जास्त धास्ती होती ती मागून येणाऱ्या न्यूमोनियाची.

दुसऱ्या बाजूला न्यूट्रोफिल वाढत असतात. त्यांची एक खोड बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी २००४मध्ये उजेडात आणली. मरताना त्या आपला डीएनए बाहेर फेकून त्याचे चिकट जाळे करतात. जंतू पकडायला ते उत्तम, पण फुप्फुसाच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत अशी जाळी फार झाली तर रक्त गोठायला तिथेच आधार मिळतो आणि वायुकोशांचे नाजूक अस्तर भाजून निघते. म्हणून एनएलआर हा भागाकार अर्थपूर्ण आहे. वरचा आकडा नासधूस किती चालली आहे ते सांगतो, खालचा नेमकी लढणारी ताकद किती शिल्लक आहे ते.

हा भागाकार कोविडने आणलेला नाही. स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हा इथले डॉ. झाहोरेक यांनी २००१मध्ये अतिदक्षता विभागातल्या ९० कर्करुग्णांवरून तो सुचवला होता. शस्त्रक्रिया, जंतुदोष, कोणताही मोठा आघात झाला की काही तासांत हे गुणोत्तर चढते, हे त्यांनी दाखवले. त्यानंतर हृदयविकारापासून कर्करोगापर्यंत सगळीकडे ते लावून पाहिले गेले. २०२०मध्ये बीजिंगच्या एका रुग्णालयाने ६१ कोविड रुग्णांवरून एक सोपी विभागणी मांडली. वय पन्नाशीच्या आत आणि एनएलआर ३.१३पेक्षा कमी, अशांपैकी कुणीही गंभीर झाले नाही. पन्नाशी ओलांडलेल्या आणि ३.१३च्या वर असलेल्यांपैकी निम्मे झाले. त्यानंतर '३.१३' हा आकडा व्हॉट्सअॅपवरून घराघरांत पोहोचला. एकसष्ट रुग्णांवरून निघालेला दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा पाहून खरे तर थोडे सावध व्हायला हवे होते. पुढच्या अभ्यासांत कुठे सीमा चारच्या आसपास आली, कुठे सहाच्या पुढे. दिशा सगळीकडे एकच होती, पण रेघ कुठे मारायची यावर एकमत नव्हते.

रेघ हलते, कारण हा आकडा केवळ विषाणूविषयी बोलत नसतो. वय वाढले की तो थोडा वाढतो. मधुमेह, हृदयविकार, धूम्रपान यांत तो आधीपासूनच चढलेला असतो. म्हणजे गंभीर होणाऱ्यांच्या रक्तात एनएलआर जास्त दिसतो, यातला काही भाग असा असतो की ही माणसे मुळातच वयस्क आणि आजारी होती. कर्करोगाची औषधे घेणाऱ्याच्या, एचआयव्हीबाधिताच्या लिम्फोसाइट ताप येण्याआधीच कमी असू शकतात. गरोदरपणात न्यूट्रोफिल नैसर्गिकरीत्या वाढतात. आणि लहान मुलांत तर सगळा हिशेबच उलटा: चार-पाच वर्षांपर्यंत निरोगी मुलाच्या रक्तात लिम्फोसाइटच जास्त असतात. दोन वर्षांच्या बाळाच्या रिपोर्टवर मोठ्यांची रेघ मारणारा पालक एक तर उगाच निर्धास्त होईल, नाही तर उगाच हादरेल.

याहून मोठा घोटाळा स्टेरॉइड करते. आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना नेहमीच पुष्कळशा न्यूट्रोफिल चिकटून बसलेल्या असतात. यंत्र त्यांना मोजत नाही. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनच्या डोसानंतर काही तासांत त्या सुटून प्रवाहात येतात आणि त्याच वेळी लिम्फोसाइट घटतात. आजार तसूभरही न वाढता एनएलआर दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. २०२१च्या दुसऱ्या लाटेत हे दुष्टचक्र पुष्कळ घरांत फिरले. सौम्य ताप, दुसऱ्याच दिवशी रक्ताच्या चाचण्यांचे पॅकेज, एखादा आकडा ठळक अक्षरात, म्हणून स्टेरॉइड. मग तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त, आकडा आणखी चढलेला, म्हणून स्टेरॉइड वाढवले. ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने २०२०मध्येच दाखवले होते की डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही, उलट अपायाची शंका होती. मे २०२१मध्ये 'एम्स'चे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि अशा रक्तचाचण्यांमागे धावू नका, असे जाहीरपणे सांगितले ते यामुळेच. मधुमेह असलेल्या कित्येकांना म्युकरमायकोसिसच्या रूपाने या घाईची किंमत मोजावी लागली. त्यात डोळे गेले, जबडे काढावे लागले.

'काउंट वाढलाय' या वाक्याचा दुसरा बळी म्हणजे अँटिबायोटिक. न्यूट्रोफिल वाढल्या की जिवाणूंचा संसर्ग, हे समीकरण डॉक्टर-रुग्ण दोघांच्याही मनात पक्के आहे. १९१८मध्ये बहुतेक मृत्यू विषाणूच्या मागून आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले होते, त्यामुळे ते अगदी निराधारही नाही. पण कोविडच्या पहिल्या काही महिन्यांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा जिवाणूंची जोड सुमारे सात टक्के रुग्णांत आढळली, आणि अँटिबायोटिक मात्र सत्तर टक्क्यांहून अधिक जणांना दिली गेली होती.

मोजलेले सारेच आकडे सगळीकडे सारखे लागू पडतात असे नाही, याचे एक उदाहरण तर पांढऱ्या पेशींच्या बाहेरचे आहे. सीबीसीच्या कागदावर 'आरडीडब्ल्यू' म्हणून एक टक्केवारी असते. लाल पेशींच्या आकारात किती कमी-जास्तपणा आहे, हे ती सांगते. बॉस्टन परिसरातल्या चार रुग्णालयांतल्या १,६४१ कोविड रुग्णांत दाखल होताना आरडीडब्ल्यू १४.५ टक्क्यांच्या वर असलेल्यांपैकी ३१ टक्के दगावले. खाली असलेल्यांपैकी ११ टक्के. लाल पेशींचा विषाणूशी लढण्याशी संबंध नाही, तरी हा फरक. एक स्पष्टीकरण असे, की शरीर संकटात असले की नव्या लाल पेशी घडवणे मागे पडते, जुन्या जास्त काळ फिरत राहतात आणि आकारांची सरमिसळ होते. हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडे आणला तर काय होईल? लोहाच्या कमतरतेतही आरडीडब्ल्यू हमखास वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. बॉस्टनची रेघ इथे मारली तर कोविडचा धोका कमी आणि पालक-गुळाची उणीवच जास्त मोजली जाईल.

आता खरा प्रश्न. हे आकडे भविष्य सांगतात, ते किती?

समजा, एनएलआरची एखादी सीमा अशी आहे की गंभीर होणाऱ्या शंभरातल्या ८० जणांना ती पकडते आणि गंभीर न होणाऱ्या शंभरातल्या ७० जणांना बरोबर सोडते. कागदावर हे बरे वाटते. फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात फ्लूचे १,००० रुग्ण आले आणि त्यांतले ५ टक्के, म्हणजे ५० जण पुढे गंभीर होणार असले, तर चाचणी त्यांतल्या ४० जणांना पकडेल. पण उरलेल्या ९५० मधल्या २८५ जणांवरही ती लाल खूण करील. एकूण ३२५ जण घाबरतील, त्यांतले खरे ४०. म्हणजे आठांत एक. तीच सीमा मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात लावा, जिथे हजारांतले ३०० गंभीर होणार आहेत. तिथे २४० जण बरोबर आणि २१० जण उगाच पकडले जातील. लाल खूण झालेल्यांतला दर दुसरा खरा. चाचणी तीच, रक्त तेच, पण दवाखान्यातला इशारा आणि वॉर्डातला इशारा यांच्या वजनात चौपटीहून जास्त फरक. सगळे गाजलेले अभ्यास वॉर्डातले आहेत. लोक त्यांचे आकडे वापरतात ते घरी बसून.

याच गणिताची दुसरी बाजू मात्र कामाची आहे. दवाखान्यातल्या त्या हजारांत ज्यांच्यावर खूण झाली नाही असे ६७५ जण असतील आणि त्यांतले गंभीर होणारे फक्त १०. म्हणजे गुणोत्तर चांगले असलेल्याला, इतर लक्षणे ठीक असतील तर, 'घरी थांबा, पाणी प्या, दोन दिवसांनी दाखवा' असे डॉक्टर बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतात. धोक्याची घंटा म्हणून ही चाचणी जरा जास्तच वाजते. दिलासा म्हणून ती जास्त भरवशाची.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी ३५ हजारांहून अधिक कोविड रुग्णांवरून मृत्यूचा धोका सांगणारी आठ मुद्द्यांची गुणपद्धती तयार केली. वय, लिंग, इतर आजार, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, शुद्धीची पातळी, रक्तातला युरिया आणि सीआरपी हे ते आठ मुद्दे. रक्तपेशींचा एकही आकडा त्यात नाही. लिम्फोसाइट निरुपयोगी होत्या म्हणून नव्हे, तर बाकीच्या गोष्टी कळल्यावर त्यांनी फारशी नवी भर घातली नाही म्हणून. त्याच गटाने नंतर, प्रकृती बिघडणार का हे सांगणारी दुसरी पद्धत केली, तिच्यात मात्र लिम्फोसाइटचा आकडा आला. न्यूमोनियाची तीव्रता ठरवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'कर्ब-६५'मध्येही रक्तपेशी नाहीत. अमेरिकी निकषांत मात्र पांढऱ्या पेशी ४,०००च्या खाली किंवा प्लेटलेट एक लाखाच्या खाली जाणे ही गंभीर न्यूमोनियाची दुय्यम चिन्हे मानली जातात.

थोडक्यात काय, तर मिनिटाला तिसाहून जास्त श्वास घेणाऱ्या, बोलताना मध्येच थांबणाऱ्या माणसाचा एनएलआर किती, हे विचारत बसणे व्यर्थ आहे. त्याला हलवायचे. महाराष्ट्रात २०२१मध्ये आरोग्य विभागाने सहा मिनिटे चालण्याची चाचणी घरोघर सांगितली होती: बोटाला ऑक्सिमीटर, घरातल्या घरात सहा मिनिटे चालायचे आणि ऑक्सिजन ९३च्या खाली गेला किंवा तीन टक्क्यांहून जास्त घसरला तर रुग्णालय गाठायचे. तिला सुई लागत नाही. पेशींच्या आकड्याचा उपयोग आहे तो मधल्या रुग्णासाठी, ज्याचा ऑक्सिजन ९५ आहे, ताप पाचव्या दिवशीही उतरत नाही, वय पासष्ट आहे आणि घर दूर आहे. अशा माणसाच्या लिम्फोसाइट ७०० असतील तर त्याला रात्रभर दूर ठेवण्यापेक्षा जवळ ठेवणारा डॉक्टर शहाणा.

आणि अशा वेळी एका रिपोर्टपेक्षा दोन बरे. दोन दिवसांच्या अंतराने, शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण यंत्रायंत्रांत फरक असतो. लहान लॅबमधली काही यंत्रे पांढऱ्या पेशींचे तीनच गट करतात. इओसिनोफिल वेगळ्या दाखवत नाहीत. रक्त उन्हात फिरत, संध्याकाळच्या गाडीने शहरात गेले असेल तर पेशी फुगतात, मोडतात आणि आकडे भरकटतात. काहींच्या प्लेटलेट त्या जांभळ्या बुचाच्या बाटलीतल्या रसायनामुळेच गुठळ्या करून बसतात आणि यंत्र त्या कमी मोजते. अशा वेळी काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा पॅथॉलॉजिस्टच खरे सांगतो. रिपोर्ट दाखवताना कोणत्या दिवसापासून ताप आहे, स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन झाले आहे का, आधीचा एखादा सीबीसी घरात पडला आहे का, एवढ्या तीन गोष्टी डॉक्टरांना सांगितल्या तर त्या कागदाची किंमत कितीतरी वाढते. वर्षभरापूर्वीच्या निरोगी दिवसांतला जुना रिपोर्ट तर सोन्यासारखा, कारण तुमची स्वतःची रेघ तोच सांगतो.

वॉर्डात जुने फिजिशियन सकाळच्या राउंडला आणखी एक ओळ पाहतात, जिच्याकडे घरच्यांचे लक्ष कधीच जात नाही: इओसिनोफिल. तीव्र संसर्गात त्या रक्तातून जवळजवळ नाहीशा होतात. टायफॉइडमध्ये ही खूण आपल्याकडचे डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत आणि कोविडमध्येही निम्म्याच्या आसपास रुग्णांत ती दिसली. मग एखाद्या सकाळी शून्याच्या जागी एक येतो, पुढच्या रिपोर्टमध्ये दोन. लिम्फोसाइट ७०० वरून ९५०, मग १,३००. रुग्ण अजून झोपूनच असतो, ऑक्सिजनची नळीही नाकाला असते, पण राउंडवरचे डॉक्टर नर्सला सांगतात की दुपारी त्यांना जरा खुर्चीत बसवा.